पांढरी, काळी आणि बाराशे फुटांचा प्लॉट

मागच्या शनिवारी सकाळी (म्हणजे त्याची शुक्रवारची रात्र) एडमंटनहून मित्राचा फोन आला. हा आमचा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमधला रूममेट, मूळचा अंबडचा, आता कॅनडात स्थायिक. तिकडे त्याने नवीन घर घेतलंय आणि सध्या तो एका सर्टिफिकेटपायी वैतागलाय. घर झालं, रंग झाला, बायकोने पडदेसुद्धा लावले, पण अंगणातल्या मातीचं सर्टिफिकेट बाकी! सर्व्हेअर येतो, प्लॉटच्या कोपऱ्यांची आणि भिंतीलगतच्या मातीची उंची मोजतो आणि मंजूर नकाशातल्या आकड्यांशी ताडून बघतो. एकदा कच्ची माती पसरल्यावर, आणि मग वरची चांगली माती टाकल्यावर पुन्हा एकदा. याला तिकडे लॉट ग्रेडिंग म्हणतात.

"पावसाचं पाणी भिंतीपासून लांब जावं आणि शेजाऱ्याच्या अंगणात न शिरता दोन घरांमधल्या चरातून निघून जावं, एवढंच रे. त्यासाठी किती ताप!" इति मित्र.

एरवी मी हसलो असतो. पण २०२५ चा सप्टेंबर आठवला. त्या महिन्यात मराठवाड्यात किती पाऊस झाला ते तुम्ही बातम्यांमध्ये पाहिलंच असेल. तेव्हा रात्री साडेअकराला आईचा फोन आला होता. आमच्या घरात पाणी नव्हतं. शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात होतं, गुडघाभर. आणि ते तिथे होतं कारण आमच्या घरात नव्हतं. हे वाक्य जरा विचित्र वाटेल, पण पुढे वाचा.

आमचं घर जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला. औरंगाबाद जिल्ह्यातून जालना, अंबड, भोकरदन, जाफ्राबाद आणि परभणीतून परतूर असे तालुके काढून. जिल्हा झाला म्हणजे ऑफिसं आली, ऑफिसं आली म्हणजे बदलीची माणसं आली, आणि माणसं आली की प्लॉट पडतात. १९८४ मध्ये बाबांनी (झेडपीचे मास्तर) असाच एक तीस बाय चाळीसचा, बाराशे फुटांचा प्लॉट घेतला. शेजारचा काकांनी घेतला. तेही मास्तर. दोन्ही घरं सारख्याच उंचीची, मध्ये मेंदीचं कुंपण.

२००७ मध्ये मला नोकरी लागून तीनेक वर्षं झाली होती, हातात पैसा खुळखुळत होता, गृहकर्ज मागाल तेवढं मिळत होतं. जुनं घर पाडलं, प्लॉटवर तीन फूट मुरमाचा भराव टाकला आणि वर नवं घर बांधलं. मिस्त्री म्हणाला, साहेब, रस्ता उंच होत चाललाय, आत्ताच वर घ्या. घेतलं. नकाशा रीतसर मंजूर, परवानगी रीतसर, जोत्याची तपासणीसुद्धा रीतसर. त्या सगळ्या कागदांत एक प्रश्न कोणी विचारला नाही आणि मीही विचारला नाही: या प्लॉटवर पडणारं पाणी आता कुठे जाणार?

तर मंडळी, गेले दोन महिने वीकेंडला मी याच प्रश्नाचा इतिहास खणतोय. घर बांधताना पाण्याचा विचार करायची आपल्याकडे पद्धतच नव्हती का? की होती आणि मध्येच कुठेतरी हरवली?

आधी दोन शब्द: पांढरी आणि काळी. आजोबांच्या तोंडी हे शब्द सर्रास असायचे. काळी म्हणजे शेती, पांढरी म्हणजे वस्ती. जुन्या महसुली कागदांतसुद्धा गावाचे हे दोन भाग असेच येतात. काळी का, ते मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. पांढरी का, तर शेकडो वर्षं एकाच जागी घरं पडतात, पुन्हा त्यावरच उभी राहतात, मातीच्या भिंती, चुलीची राख, शेण, हाडं, खापरं सगळं एकमेकांवर साठत जातं आणि त्या जागेची माती फिकी, राखाडी-पांढरी होते. आणि मुख्य म्हणजे जागा उंच होते. जुनं गाव लांबून बघा, बहुतेक ठिकाणी ते शेतापेक्षा वर दिसतं. आपल्या जिल्ह्यातलंच भोकरदन घ्या. केळना नदीच्या काठचं हे गाव सातवाहनांच्या काळात भोगवर्धन नावाने भरभराटीला आलेलं होतं. सांची आणि भरहुतच्या दानलेखांत तिथल्या माणसांचा उल्लेख आहे. १९७३ मध्ये शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी तिथे उत्खनन केलं ते अशाच वस्तीच्या थरांमध्ये. (तिथे सापडलेली हस्तिदंती मूर्ती इटलीत पॉम्पेईला सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे. पण तो वेगळ्या रविवारचा विषय.) म्हणजे दोन हजार वर्षं माणसं त्याच टेकाडावर राहत आली. काही गावं पाण्याला भिऊन उंचावर बसली, काही बसून बसून उंच झाली. कसंही असो, पांढरीवरचं पाणी उतरून काळीत जायचं, आणि काळीला ते हवंच असायचं.

गावाची जागा पाण्याबद्दल किती सांगते याचा एक भन्नाट दाखला याच भागातला आहे. २३ सप्टेंबर १८०३, असईची लढाई. शिंदे आणि भोसल्यांची फौज केळनेपलीकडे, आणि आर्थर वेलस्ली (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) अलीकडे. वाटाडे म्हणाले, इथे नदीला उतार नाही. वेलस्लीने पाहिलं की नदीच्या दोन्ही काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर आहेत. त्याने अंदाज बांधला की अशी गावं असतील तर मधून ये-जा असणारच, म्हणजे उतार असणारच. होता. बाकीचा इतिहास आपल्याला (दुर्दैवाने) माहीत आहे. गाव कुठे बसलंय एवढं बघून त्या परक्या माणसाने नदीचा तळ ओळखला. आणि आम्ही? आम्ही प्लॉट घेताना रस्त्यापासूनचं अंतर आणि शाळा किती जवळ एवढंच पाहिलं.

पांढरीवरची घरंही पाण्याचा हिशेब करूनच बांधलेली असत. आजोळचं घर माळवदाचं होतं. लाकडी तुळया, त्यावर किलचन, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. हे छत सपाट दिसतं पण नसतं, त्याला पन्हळाकडे हलका ढाळ असतो. पावसाळ्याआधी आजी मामाला वर चढवून ढाळ नीट आहे का ते बघायला लावायची. पन्हळ कुठल्या बाजूला काढायचं हा तर भावकीतल्या भांडणाचा हमखास विषय. कारण पन्हळ ज्याच्या बाजूला, त्याच्या भिंतीच्या पायात पाणी. मग जोतं दगडी, त्याच्यापुढे ओटा, ओट्याच्या खाली दगडी नाली.

आणि हे नुसतं रीतीरिवाजाचं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घरबांधणीवर एक अख्खा अध्याय आहे. (त्याची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठासाठी आपल्या र. पं. कंगल्यांनी १९६० पासून तीन भागांत काढली.) घराचं पाणी बाहेर काढणारी मोरी शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती अंतरावर असावी, तिला पुरेसा उतार हवा, आणि हे मोडलं तर ५४ पण दंड, असा चक्क आकडा दिलाय. दुसऱ्या एका ठिकाणी रस्त्यात चिखल-पाणी तुंबवणाऱ्याला पाव पण दंड आहे. हे नियम प्रत्यक्षात किती पाळले जात हा भाग सोडा. पण पाणी शेजाऱ्याकडे ढकलणं हा गुन्हा आहे, हे तेव्हा कोणालातरी लिहून ठेवावंसं वाटलं.

इतर जगातही हीच गोष्ट. रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यात पावसाच्या पाण्याने होणाऱ्या नुकसानीची तरतूद होती. पुढे त्यातून तत्त्व निघालं की वरच्या जमिनीवरचं पाणी नैसर्गिकपणे खाली येत असेल तर खालच्याने ते घ्यायचं, पण वरच्याने काही बांधकाम करून ते वाढवायचं किंवा वळवायचं नाही. याच्या उलट, १९ व्या शतकात अमेरिकेतल्या काही राज्यांच्या कोर्टांनी म्हटलं की पावसाचं पाणी हा सगळ्यांचाच शत्रू आहे, ज्याने त्याने आपापला बचाव करावा. म्हणजे मी भराव टाकावा, मग शेजाऱ्याने टाकावा, मग पुन्हा मी. ओळखीचं वाटतंय? :-)

आपल्याकडे १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे. त्याच्या सातव्या कलमाखालच्या उदाहरणांत हेच सापडतं: वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर वाहू देणं हा वरच्या मालकाचा हक्क. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला, पण मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. आमच्या जमिनी १३१७ फसलीच्या (म्हणजे १९०७-०८) हैदराबाद जमीन महसूल कायद्याखाली. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राज्य संपलं, १९५६ मध्ये आम्ही द्विभाषिक मुंबईत आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने आमचा जुना कायदा गेला. त्याच काळात नगरपालिकांचा १९६५ चा कायदा आणि नगररचनेचा १९६६ चा कायदा आले. आज ज्याला आपण 'परवानगी' म्हणतो त्याचा पाया हा.

आणि इथेच माझ्या मते गोची झाली. या कायद्यांनी वस्तीला पांढरीवरून काळीत उतरवलं. (अर्थात लोकसंख्या वाढत होती, उतरावंच लागणार होतं.) त्यासाठी शेतजमीन 'अकृषिक', आपल्या बोलीत एनए, करून घ्यायची. काळी माती म्हणजे काय चीज आहे ते शेतकऱ्याला विचारा. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरच्या भिंती दोन पावसाळ्यांत तडकतात. आणि ही जमीन मुळातच गावाचं पाणी घेणारी, सखल. कागदावर 'शेती'चं 'निवासी' झालं, जमीन मात्र होती तिथेच राहिली.

बाबांची जुनी फाईल काढली. १९८४ च्या एनए आदेशाची फिकट झालेली सायक्लोस्टाइल प्रत. खाली पंधरा-वीस अटी. त्यातली एक: नैसर्गिक प्रवाहास अडथळा करू नये. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना आपण 'आय अॅग्री'वर जसं क्लिक करतो, तशी आमच्या घराने ही अट एक्केचाळीस वर्षं मान्य केली होती. फाईलमध्ये लेआउटचा नकाशाही होता. त्यावर, आमच्या दोन प्लॉटांच्या मागून, तुटक रेषेने काढलेला एक ओढा. लहानपणी तिथे आम्ही कागदी होड्या सोडायचो. आज तिथे कंपाउंडची भिंत आहे.

आता जोत्याचा नियम बघा. राष्ट्रीय इमारत संहिता पहिल्यांदा १९७० मध्ये आली, मग १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये सुधारली. तीत म्हटलंय की जोतं अशा तऱ्हेने ठेवावं की जागेचा निचरा नीट होईल, आणि ते भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर उंच असावं. वाक्याचा पहिला अर्धा भाग म्हणजे मित्राचं लॉट ग्रेडिंगच की! पण मोजता येतो फक्त दुसरा अर्धा. टेप लावला, दीड फूट भरलं, झालं.

शिवाय 'भोवतालची जमीन' म्हणजे कुठली? मी भराव टाकायच्या आधीची की नंतरची? प्रोग्रॅमिंगवाल्यांना पटकन कळेल: हा रिलेटिव्ह पाथ आहे, अॅब्सोल्यूट नाही. फोल्डर हलवलं की सगळं बदलतं. एडमंटनचा सर्व्हेअर समुद्रसपाटीपासूनचा आकडा लिहितो. शेजाऱ्याने काहीही केलं तरी तो आकडा बदलत नाही. आमच्याकडे घर रस्त्याच्या वर, मग रस्ता डांबराच्या थरांनी घराच्या वर, मग पुन्हा नवं घर रस्त्याच्या वर. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही असं आपण म्हणतो, पण रस्ता पुरेसा उंच झाला की जातं बरं का! गंमत म्हणजे समुद्रसपाटीचा आकडा आपल्यालाही नवा नाही. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आली, आणि आजही जालना स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. लहानपणापासून वाचत आलोय. त्या पाटीपासून आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत कोणी लेव्हल आणली नाही, इतकंच.

एनए लेआउट तरी बरे म्हणायचे, त्यात नकाशा असतो. गुंठेवारीत तोही नाही. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. शेतकऱ्याने काळीचे गुंठे पाडून विकले, लोकांनी घरं बांधली, आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ च्या आधीचे प्लॉट नियमित करायची सोय केली. २०२१ मध्ये ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. मी यावर नाक मुरडणार नाही. पगारदार नसलेल्या माणसाला घरासाठी दुसरा रस्ता नव्हता. पण नियमित झाला तो कागद. उतार नियमित करायला फी भरून चालत नाही.

थोडं गणित. एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण दहा हजार लिटर पाणी होतं. म्हणजे एक टँकर! जिल्ह्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे गुंठ्यागणिक सात टँकर. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात टँकरमागे घागरी घेऊन पळणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याच प्लॉटवर एरवी सात टँकर पडतात आणि शेजाऱ्याच्या घरात जातात. डिसेंबर २०२० मध्ये राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी आलेल्या एकात्मिक नियमावलीत पाऊसपाणी साठवणं किंवा मुरवणं सक्तीचं आहे, पण ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटना. म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. आमच्यासारखे बाराशे फूटवाले सुटले. त्याच नियमावलीत नाल्यापासून ९ मीटर आणि नदीपासून १५ मीटर सोडून बांधायचं, असंही आहे. नद्यांना पूररेषाही असतात: २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी, १०० वर्षांतून एकदाची लाल. पण आमचा ओढा नदी नाही आणि आता नालाही राहिला नाही. पुणेकरांना २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आणि आंबिल ओढा आठवत असेल. त्या ओढ्याला निदान नाव होतं.

असो. मागच्या महिन्यात सुट्टी टाकून गावी गेलो. मिस्त्रीला बोलावलं (२००७ वालाच, आता म्हातारा झालाय). त्याने ती पारदर्शक नळी आणली, पाणी भरलेली, लेव्हल काढायची. एक टोक माझ्या हातात, एक त्याच्या. दोन तासांत निकाल. काकूंचं अंगण आमच्या अंगणापेक्षा अडीच फूट खाली. रस्त्यापेक्षा नऊ इंच खाली. म्हणजे पुढून पाणी काढायचा प्रश्नच मिटला. मागे, जिथे ओढा होता तिथे मात्र जमीन काकूंच्या अंगणापेक्षा चार इंच खाली. चाळीस फुटांत चार इंच. मिस्त्री म्हणाला, भरपूर झालं की, पाण्याला काय जिना लागतो का.

काकूंकडे गेलो. काका जाऊन सहा वर्षं झाली. भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसते, गॅसच्या ओट्याच्या जरा खाली. मी काय सांगायला आलोय ते त्यांना आधीच माहीत होतं.

"तुझ्या बाबांना मी तवाच म्हणले होते, भाऊजी, एवढं वर नका घेऊ. ते म्हणले पोराची हौस आहे. मग काय बोलणार?"

मला खरंच काही बोलता आलं नाही. त्यांनी चहा टाकला.

ठरलं ते असं: आमच्या छताचे दोन्ही पाईप एका टाकीत, टाकीचं ओव्हरफ्लो शोषखड्ड्यात (काळी माती किती पिईल शंकाच आहे, पण खड्डा मुरमापर्यंत नेऊ), आणि दोन प्लॉटांच्या मध्ये, आमच्या हद्दीत, दीड फुटी पक्की नाली, मागच्या बाजूला उतार देऊन. खर्च माझा. नाली जिथे संपते तिथे मागच्या प्लॉटवाल्यांची भिंत. त्यांनी प्लॉट २०१९ मध्ये घेतलाय. मी बाबांची फाईल घेऊन गेलो, तुटक रेषा दाखवली. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिली, मग आपल्या खरेदीखताची प्रत आणली. त्यावर चतुःसीमा होत्या, चारी बाजूंना प्लॉट नंबर होते, ओढा कुठेच नव्हता. माणूस सज्जन आहे. भिंतीला खाली दोन भोकं पाडू देतो म्हणाला, पण आधी वकिलाला विचारतो. आज तीन आठवडे झाले.

नालीचं काम गेल्या सोमवारी सुरू झालंय. मिस्त्रीचा काल फोन आला होता, भिंतीपासून तीन फुटांवर थांबलोय म्हणाला, पुढचं कधी कळवता?